मराठी-हिंदी साइट: माणसाने एकदा निवडलेली भाषा लक्षात कशी ठेवायची?

रामबागवाला (इंदूर)

नमस्कार मंडळी. आमच्या इथल्या मराठी मंडळाची साइट मी सांभाळतो. पोटापाण्याचं काम वेगळं आहे, औषध दुकानांचं बिलिंग सॉफ्टवेअर बघतो, पण मंडळात कॉम्प्युटरवाला म्हणून मीच आहे त्यामुळे साइट आपोआप माझ्या गळ्यात आली आणि आता मला ती नीट करायचीच आहे. साइट मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत आहे. वाचनालयाच्या पुस्तकांची यादी, हॉलचं बुकिंग, गणपतीचे कार्यक्रम, मुलांच्या शिष्यवृत्तीचे फॉर्म, सगळं त्यावर.

अडचण अशी की आईचं वय ७४, ती टॅबवर पुस्तकांची यादी बघते. पान उघडलं की हिंदी. वर कोपऱ्यात "मराठी" दाबलं की मराठी होतं, पण पुढच्या पुस्तकावर टिचकी मारली की परत हिंदी. परवा तिने बसल्या बसल्या नऊ वेळा ते बटण दाबलं, मी शेजारी बसून मोजलं, आणि मग टॅब उलटा ठेवून म्हणाली की रोज रोज काय सांगायचं रे याला, एकदा सांगितलं ना. तेव्हापासून मला चैन नाहीये.

आत काय आहे ते सांगतो. आम्ही एक तयार प्लगिन लावलाय, तो पाहुणा कुठून आला ते बघून भाषा ठरवतो. मध्य प्रदेश दिसला की हिंदी. म्हणजे इंदुरातल्या मराठी माणसाला हिंदी, आणि पुण्यातून कुणी उघडलं तर मराठी! जे मंडळ इंदूरच्या मराठी लोकांसाठी आहे त्याचीच साइट त्यांना हिंदीत भेटते. त्यावर उपाय म्हणून मी थोडी जावास्क्रिप्ट लिहिली, निवडलेली भाषा लोकल स्टोरेजमधे (ब्राउझरच्या स्वतःच्या साठ्यात) ठेवते आणि पान उघडलं की वाचून मजकूर बदलते. पण आधी क्षणभर हिंदी दिसतं मग डोळ्यासमोर मराठी होतं, आईला वाटतं टॅब बिघडला. मेव्हण्याचा आयफोन आहे, तो पंधरा दिवसांतून एकदा साइटवर येतो आणि दर वेळी त्याची निवड विसरलेली असते. शिवाय मजकूर बदलतो पण मेनू कधीकधी हिंदीच राहतो. मेनूत "शिक्षा सहायता" आणि खाली मराठी मजकूर, पुण्याहून लग्न होऊन आलेल्या एका मुलीने मला फोन करून विचारलं की काका, ही शिक्षा कसली आहे, उशीर झाला की दंड वगैरे भरायचा का. बिचारीने त्या भीतीने दिराच्या मुलाचा फॉर्म भरलाच नव्हता.

तर निवड नेमकी ठेवायची कुठे, किती दिवसांसाठी, आणि भाषा पत्त्यात घालावी का? कुणी असं केलं असेल तर सविस्तर सांगा, मला घाई नाही, मी वाचून वाचून करीन.


सर्व्हरवाला (इंदूर, सध्या बंगळुरू)

दादा, आधी तो जागेवरून भाषा ठरवायचा प्रकार बंद करा, आजच. माणूस कुठे बसलाय आणि त्याला काय वाचायचंय याचा संबंध नाही, इंदुरात तर मुळीच नाही, आपल्याकडे दोन-अडीचशे वर्षांपासून घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी चाललंय. आणि मोबाइलच्या नेटवर तर आयपी पत्ता भलत्याच शहराचा निघतो, आमच्या आईचा फोन इंदुरात असतो आणि साइट्सना तो मुंबईचा वाटतो.

आता मूळ गोष्ट. भाषा कळायच्या चार-पाच जागा आहेत आणि सगळ्यांचं वजन सारखं नाही. सगळ्यात वजनदार म्हणजे पत्ता. मराठी पानाचा पत्ता वेगळा, हिंदी पानाचा वेगळा, पत्त्यात डोमेनच्या नंतर एमआर (मराठीची खूण) किंवा एचआय (हिंदीची). कुणी मराठी पानाचा पत्ता उघडला तर मराठीच दाखवायचं, मग बाकी काहीही असो. त्याखाली, सभासद लॉगिन करत असतील तर त्यांच्या खात्यात ठेवलेली निवड. त्याखाली कुकी, म्हणजे साइटने ब्राउझरमधे ठेवलेली छोटीशी नोंद. त्याखाली ब्राउझर स्वतःहून जे सांगतो ते, प्रत्येक विनंतीबरोबर ॲक्सेप्ट लँग्वेज नावाचा हेडर (सोबत जाणारी माहितीची ओळ) येतो, त्यात फोनच्या भाषा पसंतीच्या क्रमाने असतात. पण आपल्या लोकांचे फोन बहुतेक इंग्रजीत असतात, दुकानदाराने जसा लावून दिला तसाच, त्यामुळे त्या हेडरमधे मराठी दिसली तर तो पक्का पुरावा समजा, पण मराठी दिसली नाही म्हणून माणूस मराठी नाही असं समजू नका. आणि यातलं काहीच हाताला लागलं नाही तर मराठी. मंडळ मराठी आहे ना, मग दार मराठीतच उघडू दे.

भाषा पत्त्यात गेली की तुमचा निम्मा त्रास तिथेच संपतो. आई मराठी यादीत आहेत, यादीतल्या सगळ्या लिंका मराठी पत्त्यांच्याच आहेत, मग पुढचं पान हिंदी होईलच कसं? कुकी लागते ती फक्त नुसतं डोमेन टाईप करून येणाऱ्यासाठी, दारातल्या माणसाला कुठे पाठवायचं तेवढं ठरवायला.

कुकी जावास्क्रिप्टने ठेवू नका, सर्व्हरने ठेवा. आयफोनचा ब्राउझर सफारी २०१९ पासून जावास्क्रिप्टने ठेवलेली कुकी सात दिवसांत काढून टाकतो, आणि २०२० पासून लोकल स्टोरेजचंही तसंच, सात दिवस सफारी वापरला आणि त्यात तुमच्या साइटला हात लावला नाही तर साफ. जाहिरातवाल्यांनी लोकांच्या मागे लागू नये म्हणून ते केलंय आणि चांगलंच केलंय, पण तुमचे मेव्हणे पंधरा दिवसांनी येतात म्हणजे बरोब्बर त्यात सापडतात. सर्व्हरने हेडरमधून ठेवलेल्या कुकीला ती मर्यादा नाही. क्रोममधे २०२२ पासून कुठलीही कुकी जास्तीत जास्त ४०० दिवस टिकते, तेव्हा एक वर्षाची ठेवा आणि माणूस आला की तारीख पुढे ढकला.

आणि ते क्षणभर हिंदी दिसतं ना, ते अशासाठी की लोकल स्टोरेज सर्व्हरला दिसतच नाही. सर्व्हर बिचारा हिंदी पान पाठवून मोकळा होतो आणि मग ब्राउझर ते बदलत बसतो. कुकी मात्र विनंतीबरोबर जाते म्हणून सर्व्हर पहिल्यापासूनच योग्य पान देतो.

एक महत्त्वाचं, हे मी स्वतः चुकून शिकलोय. कुकी फक्त माणसाने बटण दाबलं तरच ठेवायची. नुसतं पान उघडलं म्हणून नाही. समजा शेजारणीने व्हॉट्सॲपवर हॉलच्या हिंदी पानाची लिंक पाठवली आणि आईंनी उघडली, तर तेवढ्यावरून त्यांची निवड हिंदी झाली असं धरायचं नाही. आणि उलटही करू नका, कुकी मराठी आहे म्हणून हिंदी लिंकवरून त्यांना ओढून मराठीत नेऊ नका, शेजारणीशी फोनवर बोलताना दोघींसमोर एकच पान पाहिजे. वर एक पट्टी द्या, "हे पान मराठीतही आहे", बस.


दांडियाबाजारकर (वडोदरा)

आमच्याकडे मराठी आणि गुजराती अशी जोडी आहे, त्यामुळे थोडं वेगळं दुखणं पण सांगण्यासारखं आहे. आमच्या ज्ञातीच्या साइटवर आम्ही धरून चाललो होतो की मराठी घरातला माणूस मराठीच वाचणार. तसं नाहीये हो. आमची मुलं मराठी छान बोलतात, आजीशी भांडतातसुद्धा मराठीत, पण शाळा गुजराती, तर लिपी डोळ्याला गुजरातीच बसलेली. एकच फोन घरात फिरतो, सकाळी आजोबा निधनवार्ता आणि पंचांग बघायला मराठी करतात आणि संध्याकाळी नातू गरब्याचे पास बघायला गुजराती. म्हणून लक्षात ठेवण्याइतकंच बदलणं सोपं असलं पाहिजे. आम्ही आधी बटण तीन आडव्या रेघांच्या मेनूत दडवलं होतं, कुणाला सापडायचं नाही. आता दोन्ही नावं प्रत्येक पानावर वर, उघडी, मोठ्या अक्षरात, आणि प्रत्येक भाषा आपापल्या नावाने आपापल्या लिपीत. झेंडे बिंडे नाहीत, दोन्ही भाषा एकाच देशातल्या, झेंडा कुणाचा लावणार.

बदललं की त्याच पानावर राहू द्या. आमचं जुनं बटण सरळ मुखपृष्ठावर फेकून द्यायचं. एका काकूंनी लग्नाच्या हॉलचा फॉर्म अर्धा भरला, तारीख, दोन्हीकडची माणसं, जेवणाची पानं किती, सगळं, आणि मधेच एक शब्द कळला नाही म्हणून भाषा बदलली तर फॉर्म कोरा. त्या परत आल्याच नाहीत, ऑफिसात येऊन कागदावर लिहून गेल्या. आता भाषा बदलायच्या आधी भरलेलं त्या टॅबपुरतं ठेवून घेतो आणि दुसऱ्या भाषेच्या पानावर परत भरून देतो. मोबाइल नंबर आणि आधार मात्र त्यात ठेवत नाही, ते परत लिहिलेलं परवडलं.

आणि हो, फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवरून लिंक उघडली की ती त्यांच्याच आतल्या ब्राउझरमधे उघडते, तिथे क्रोममधली कुकी नसते. लोक म्हणणार साइट विसरली. पत्त्यात भाषा असेल तर तिथेही बरोबर उघडतं, म्हणून वरच्या भावाने पत्त्याचं सांगितलं ते अगदी खरं आहे. आम्ही कार्यक्रमाच्या पोस्ट दोन टाकतो, मराठी पोस्टमधे मराठी पत्ता, गुजराती पोस्टमधे गुजराती.


रामबागवाला (इंदूर)

दोघांचे मनापासून आभार. शनिवार-रविवार बसून पत्ते वेगळे केले, कुकी सर्व्हरवरून ठेवली, जागेवरून ओळखायचा प्रकार काढून टाकला. माझ्या लॅपटॉपवर मस्त चाललं. सोमवारी सकाळी मंडळाच्या ग्रुपवर सांगितलं आणि दुपारपर्यंत फोन सुरू. काहींना नुसतं डोमेन टाकलं की हिंदीच येतंय, बटण दाबलं तरी पुढच्या वेळी हिंदीच. काहींना मराठीच येतंय, हिंदी बटण दाबूनसुद्धा. कुकी बघितली तर बरोबर आहे. माझं डोकं चालेनासं झालंय. दारातल्या पानावर मी ३०१ (दुसऱ्या पत्त्याकडे पाठवणारा कोड) लावलाय आणि साइटला पेज कॅश (तयार पानं साठवून ठेवणारी सोय) आहे, होस्टिंगवाल्यांनी चालू करून दिलेला. त्याचा काही संबंध?


सर्व्हरवाला (इंदूर, सध्या बंगळुरू)

दोन्हीचा आहे दादा, आणि माझंही चुकलं, मी आधी बोलायला हवं होतं.

३०१ म्हणजे "कायमचा हलवलाय". ब्राउझर ते लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी सर्व्हरला विचारतच नाही, सरळ तिकडे जातो. म्हणजे ज्याला पहिल्यांदा हिंदीकडे पाठवलं तो कुकी काहीही असली तरी हिंदीकडेच जाणार. तिथे ३०२ पाहिजे, तात्पुरता, दर वेळी विचारून जाणारा.

पेज कॅशचं असं की तो दारातलं उत्तर एकदा साठवतो आणि पुढच्या सगळ्यांना तेच देतो. सकाळी सहाला जो पहिला आला त्याची भाषा दिवसभर सगळ्यांची. नुसत्या डोमेनच्या पानाला कॅशमधून वगळा, त्याच्या उत्तरावर कॅश करू नका असा हेडर लावा. बाकीची पानं खुशाल कॅश होऊ द्या, कारण आता एका पत्त्यावर एकच भाषा आहे, गोंधळ व्हायला जागाच नाही. तुमची जुनी पद्धत, एकच पत्ता आणि कुकी बघून भाषा, ती ठेवली असती तर प्रत्येक पानाला हे करावं लागलं असतं आणि साइट रांगायला लागली असती.

गूगलसाठी पण हेच बरं. त्यांचा बॉट, म्हणजे साइट वाचत फिरणारा प्रोग्रॅम, मुख्यतः अमेरिकेतून येतो आणि सहसा भाषेचा हेडर पाठवत नाही, कुकी तर नाहीच. कुकीवर भाषा बदलणारी साइट असेल तर त्याला तुमची एकच भाषा दिसणार, दुसरी आहे हे कळणारच नाही. प्रत्येक पानाच्या कोडच्या वरच्या भागात एचरेफलँगच्या ओळी घाला, कुठल्या भाषेचं पान कुठे आहे ते त्या सांगतात, मराठी पानात स्वतःचा आणि हिंदी जोडीदाराचा पत्ता, हिंदी पानात पण दोन्ही. एकाने दुसऱ्याचं नाव घेतलं आणि दुसऱ्याने घेतलं नाही तर गूगल ते धरत नाही. नुसत्या डोमेनला एक्स-डिफॉल्ट लावा, म्हणजे कुठलीच भाषा जुळली नाही तर हे पान.

ज्यांच्या फोनमधे जुना ३०१ बसलाय त्यांचा ब्राउझरचा कॅश एकदा साफ करावा लागेल, त्याला माझ्याकडे दुसरा सोपा उपाय नाही.


जयेंद्रगंज (ग्वाल्हेर)

मी छपाईतली बाई आहे, कोड फार कळत नाही, पण एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. भाषा लक्षात ठेवली, पान मराठी दिलं, पण त्या पानाने ब्राउझरला सांगितलं का की मी मराठी आहे म्हणून? पानाच्या कोडमधे, एचटीएमएलच्या पहिल्या टॅगमधे, पानाची भाषा सांगणारा लँग असतो, बऱ्याच दोन भाषांच्या साइट्सवर मजकूर बदलतो आणि तो टॅग जुन्याच भाषेचा राहतो. लिपी दोघींची एकच, देवनागरी, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. पण ल आणि श बघा. आपला ल पाकळीचा, दोन गोल पाकळ्या आणि मधून दांडा, हिंदीचा वेगळा, उजव्या दांड्याला आकडा लावल्यासारखा. श पण आपला देठाचा. महाराष्ट्र शासनाने २००९ मधे वर्णमालेचा निर्णय काढला त्यातसुद्धा हे आकार ठरवून दिलेत. चांगल्या देवनागरी फॉन्टमधे दोन्ही आकार असतात आणि कुठला दाखवायचा हे ब्राउझर त्या लँगवरून ठरवतो. टॅगमधे एचआय राहिलं तर मजकूर मराठी आणि अक्षरं हिंदी. माझे सासरे निमंत्रणपत्रिकेचं प्रूफ बघताना बोट ठेवून म्हणायचे, हा ल आपला नाही. मला तेव्हा वाटायचं काय बारीक बघतात, आता मलाच दिसतं.

आणि ज्यांना डोळ्याने दिसत नाही, फोन वाचून दाखवतो, त्यांचा वाचणारा आवाजही त्याच टॅगवरून भाषा निवडतो. मराठी मजकूर हिंदी आवाजात ऐकून बघा एकदा, मग लगेच दुरुस्त कराल.


वाचनालयताई (इंदूर)

भाऊ, वाचनालयातल्या त्या एका कॉम्प्युटरवर लक्षात ठेवणं बंद करा ना. तिथे दिवसभर येणारे-जाणारे असतात, एकाने हिंदी केलं की पुढचे आजोबा मला हाका मारतात. ब्राउझर बंद केला की विसरेल असं काही होतं का?


रामबागवाला (इंदूर)

ताई, झालं. तिथल्या ब्राउझरला बंद करताना कुकी साफ करायचं सेटिंग लावलंय, दर वेळी उघडला की मराठीने सुरुवात. तुम्ही फक्त संध्याकाळी खिडकी मिनिमाइझ न करता बंद करायची.

बाकी सगळ्यांना सांगतो. ३०२ केला, दारातलं पान कॅशमधून काढलं, एचरेफलँग घातलं. ३०१ अडकलेले अकरा फोन निघाले, रविवारी मंडळात बसून एकेक साफ केला, चहा झाला त्या निमित्ताने. ग्वाल्हेरच्या ताई, तुमचं वाचून लगेच बघितलं, लँग सगळीकडे एचआयच होता, मराठी पानांवरसुद्धा, पहिल्या दिवसापासून. बदलून पान ताजं केलं आणि "वाचनालय" हा शब्द डोळ्यासमोर बदलला, तो ल पाकळीचा झाला. इतकी वर्षं मी रोज ते पान बघतोय आणि मला कधी दिसलं नाही. आईला दाखवलं तर तिने चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाली, आता बरं वाचवतंय, अक्षर मोठं केलंस का? मोठं केलेलं नाहीये.

मेनूतलं "शिक्षा सहायता" मराठी पानावर आता "शिक्षणासाठी मदत" येतं, ते भाषांतराच्या फाइलमधे भरायचंच राहिलं होतं. त्या मुलीला फोन करून सांगितलं, तारीख गेली नव्हती, फॉर्म आला.

एकच राहिलंय. पुस्तकांचे परिचय सगळे मराठीत लिहिलेले आहेत, साडेचारशेच्या वर, हिंदीत जेमतेम तीस झालेत. हिंदी वाचणाऱ्याने त्या पुस्तकावर टिचकी मारली तर काय दाखवू? सध्या रिकामं पान येतंय.


सर्व्हरवाला (इंदूर, सध्या बंगळुरू)

रिकामं अजिबात नको, आणि गुपचूप मराठी पानावर पण नेऊ नका, त्याला वाटेल आपली निवड गेली. पान हिंदीच ठेवा, मेनू, बटणं, पुस्तकाचं नाव, शिल्लक आहे का, सगळं हिंदी. परिचयाच्या जागी हिंदीत एक ओळ, की परिचय सध्या मराठीतच आहे, आणि खाली तो मराठी परिचय. फक्त त्या तुकड्याला वेगळा लँग लावा, एमआर, म्हणजे हिंदी पानातसुद्धा तेवढ्या भागात ताईंचा ल येईल. अशा पानाला एचरेफलँगची हिंदी ओळ मात्र हिंदी परिचय तयार झाल्यावरच घाला. आणि भाषांतराला माणूस हवा असेल तर माझी बहीण तिथेच सुदामा नगरात असते, दोन्ही भाषा छान लिहिते, मी विचारून ठेवतो.